ऐंशी फुटांवरचा गेरू

छावणी, छत्रपती संभाजीनगर
४ एप्रिल २०२५

मनस्विनी,

‘प्रिय’ लिहिणार होतो. पण जिनं आपल्याला व्हॉट्सॲपवर, इन्स्टावर आणि साध्या कॉललासुद्धा ब्लॉक केलंय तिला प्रिय लिहिणं म्हणजे शटर पाडलेल्या दुकानासमोर रांग लावणं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, म्हणून हे पत्र. हॉस्टेलचा पत्ता आपल्या वर्गातल्या रूपानं दिला. तिच्यावर ओरडू नकोस, मी तिला लई छळलं तेव्हा दिला.

तर बातमी. तू नागपुरात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत काचेच्या कपाटातले दगड बघतेस. आणि मी, ज्यानं तोंडी परीक्षेत सरांच्या टेबलाची काच फोडून दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं (कॉलेजचं म्हणणं आहे त्यांनी मला सोडलं), तो आता रोज जमिनीच्या पोटात उतरतो. बोअरच्या गाडीचा एजंट झालोय. गिऱ्हाईक आणायचं, गाडी लावायची, कुठं थांबायचं ते ऑपरेटरला सांगायचं. आमची आई शेजारणींना सांगते, पोरगं सर्व्हेला जातं.

आणि परवा गिऱ्हाईक कोण निघालं? पुंडलिकनगर, दारात कढीपत्त्याचं झाड, फाटकावर पाटी ‘केशव द. सेलूकर’. तुझे बाबा.

“नाव?”

“आकाश.”

“आकाश पुढं?”

“गायकवाड.”

“अच्छा. कुठले गायकवाड?”

“छावणीतले.”

“तसं नव्हे. मूळचे?”

“काका, बोअर किती फूट घ्यायचा?”

आमची गाडीसुद्धा इतक्या खोल जात नाही. आणि गंमत बघ, दोन वर्षं आपण एका बाकावर बसलो, वेरूळच्या डोंगरात एका डब्यातून पोळी खाल्ली, पण तुझ्या घरात माझं नाव एकदाही निघालं नव्हतं. चेहरा कोराच त्यांचा. एवढी गुप्तता अणुभट्टीतही पाळत नसतील.

बाबांनी जागा दाखवायला फुलंब्रीचा पाणाड्या बोलावला, कडुबा नावाचा. स्प्लेंडरवर आला, मागं पिशवीत नारळ. आधी शेजारच्या गोजरबाईंच्या विहिरीवर गेला. मोटरचा पाइप किती फूट सोडलाय, पाणी कुठवर असतं, सगळं विचारून घेतलं. मग तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणात फिरला. कढीपत्त्याजवळ नारळ टुणकन उभा. म्हणाला, “इथं घ्या. ऐंशीला थांबा. त्याच्या खाली जाऊ नका, खाली काय नाय.” बाबांनी हात जोडले. तुझ्या आईनं, उमाकाकूंनी, त्याला कपबशीत चहा दिला, मला कागदी कपात. नारळ बाळगायला पाहिजे होता.

सोळा तारखेला गाडी लावतोय. तुझ्याच दारात पाणी काढून दाखवतो. मग तरी फोनवरचं कुलूप निघेल का?

आकाश

•

नागपूर
९ एप्रिल

आकाश,

पत्र मिळालं. रूपावर ओरडून झालं.

आधी कुलपाचं. एका दिवसात एकशे चाळीस मेसेज आले म्हणून ब्लॉक केलंय. त्यातले नव्वद नुसते प्रश्नचिन्हांचे होते. माणसाला उत्तर टाइप करायला तरी उसंत द्यावी.

आता बोअरचं. तो माझ्यासाठी आणलेला गजरा नाही, हे डोक्यात पक्कं कर. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. मधल्या दिवसांत आमच्या गल्लीतली चार घरं गोजरआजींच्या विहिरीवर जगतात. कॉलनी व्हायच्या आधी तिथं त्यांचं शेत होतं, तेव्हाची ती विहीर. आईचे गुडघे गेलेत, कळशी उचलवत नाही, म्हणून बाबा बोअर घेतायत. यात तुझं शौर्य कुठंही बसत नाही.

कडुबांना हसलास ना? नारळाचं मला माहीत नाही, पण आकडा बरोबर आहे. तू ज्या तासांना कॅन्टीनमध्ये बसायचास त्यात हे शिकवलं होतं, म्हणून थोडक्यात. आपला दगड म्हणजे लाव्हाचे एकावर एक ओतलेले थर. दोन थरांच्या मध्ये लाल चिकट मातीचा पापुद्रा असतो, गेरू. आपल्याकडे तो ऐंशीच्या आसपास लागतो. वरचं पाणी त्याच्यावर बसलंय, ताटात आमटी बसावी तसं. आजींची विहीर त्याच ताटातली. गेरूच्या खाली मांजऱ्या दगड आहे, आत भोकंच भोकं. त्यातलं पाणी आजूबाजूच्या पाचशे फुटी बोअरांनी कधीच ओढून नेलंय. तू ताटाला भोक पाडलंस, तर आमटी कुठं जाईल ते मी सांगायला नको.

पाणी लागलं की थांब. कमी लागलं तरी थांब. लाल रंग दिसला तर थांबच.

दर दहा फुटांची भुकटी पुडीत बांधून, वर आकडा घालून पाठव. माझ्या प्रकल्पाला हवी आहे. याला प्रेमपत्र समजू नये.

मनस्विनी

•

छावणी
१८ एप्रिल

मनस्विनी मॅडम,

कळवण्यास खेद वाटतो की आपल्या पिताश्रींचा बोअर कोरडा गेला. शंभर फूट मारलं, थेंब नाही. कडुबाचा नारळ बहुतेक आतून नासका होता. मी बाबांना तसं स्पष्ट सांगितलं, गल्लीतही सांगितलं. आता पुंडलिकनगरात त्याला कुणी दारात उभं करणार नाही. विज्ञानाचा विजय असो.

बाबा खुर्चीवर बसून त्या केसिंगच्या पाइपाकडं बघत राहिले. उमाकाकूंनी तोंडावर पदर धरून अंगणातली धूळ झाडायला घेतली. मी निघालो.

तुमच्या प्रकल्पाच्या दहा पुड्या सोबत जोडल्यात, दहापासून शंभरपर्यंत, आकडे घालून. प्रेमपत्र समजलेलो नाही.

तुमच्याकडे मे महिन्यात पाहुणे येणार आहेत असं ऐकतो. टँकर आधीच सांगून ठेवा. पाहुण्यांच्या पायांवर घालायला पाणी कमी पडलं तर बरं दिसत नाही.

आपला,
आकाश गायकवाड (मूळचे: पृथ्वीवरचे)

•

नागपूर
२४ एप्रिल

आकाश,

दहाही पुड्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सुंदर बांधल्या आहेस, आकडेही वळणदार. खोटं बोलायचं असलं की तुझं अक्षर सुधारतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दहा ते सत्तर, सगळं पीठ. कोरडा दगड फुटला की पीठच येतं. पण ऐंशीच्या पुडीत पीठ नाही, खडी आहे. स्वच्छ, धुतलेली. तिला थोडा लाल चिखल लागलाय. शंभरपर्यंत तसंच. थेंबभरही पाणी नसलेल्या बोअरमध्ये खडी कोण धुतं रे? तू घरी नेऊन नळाखाली धरलीस का? तुमच्याकडे रोज नळ येतो का?

सत्तर ते ऐंशीच्या मध्ये पाणी लागलं होतं. तू थांबला नाहीस. ऐंशीला गेरू लागला, तरी थांबला नाहीस. आणि शंभरला तर मुळीच थांबला नाहीस. आई म्हणते, सकाळी नऊला सुरू झालेली घरघर संध्याकाळी पाचपर्यंत होती. शंभर फुटाला तुमच्या गाडीला आठ तास लागत असतील, तर ती गाडी भंगारात घाला.

आई अजून एक म्हणाली. सोळाला बोअर झाला. अठराला गोजरआजींच्या विहिरीची मोटर हवा ओढायला लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तळ दिसला. आजी म्हणतात, उन्हाळा कडक आहे. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, कारण सांगणारा फुलंब्रीच्या म्हाताऱ्याला नासका ठरवण्यात गुंतला होता.

तू काचा फोडतोस, भांडतोस, प्रश्नचिन्हं पाठवतोस, ते सगळं मी धरून चालले होते. खोटं बोलत नव्हतास. हे नवीन आहे.

का केलंस, एवढंच लिही. विनोद नको.

मनस्विनी

•

छावणी
२८ एप्रिल

मनस्विनी,

विनोद नको म्हणालीस. बरं.

चौऱ्याहत्तर फुटाला पाणी लागलं. दुपारचे बारा, उन्हानं गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. बाबा धुळीचा दमा म्हणून आत, काकूंनी खिडक्या लावलेल्या. आधी चिखल उडाला, मग पाणी. ऑपरेटर तमिळ आहे, तो ओरडला, “भैया, पानी आया! बस?” मी म्हटलं, “रुको, अंदर बताके आता.” मी पळतच दारात गेलो. खोटं कशाला सांगू, तुझंच तोंड डोळ्यांसमोर होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा फोनवर. “हो हो, परीक्षा झाली की मनू मेमध्ये येतेच आहे. विश्वजितरावांना घेऊनच या. मुलामुलीनं एकमेकांना बघितलं की झालं.” आणि हसले. मला मूळचे कुठले विचारणारे तुझे बाबा, त्या विश्वजितरावांना काहीच विचारत नव्हते. त्याचं मूळ आधीच सापडलेलं असणार.

मी तसाच मागं फिरलो. ऑपरेटर म्हणाला, “बंद करूँ?” मी म्हटलं, “मार और.” तो म्हणाला, “लाल मिट्टी आया भैया.” मी म्हटलं, “मार.” तो रॉड जोडत गेला. दोनशे चाळीसला रॉड संपले म्हणून थांबलो, नाहीतर आज अमेरिकेत निघालो असतो. पाणी कधी गेलं कळलंच नाही. एक रॉड जोडला तेव्हा होतं, पुढच्या वेळी नव्हतं. वरून उडालेल्या कोरड्या पिठानं अंगणातला चिखलही झाकून टाकला.

तेव्हा मनाला सांगत होतो, खाली दोन इंची पाणी असेल, कॉलेजवाले बघतच राहतील. थाप होती. मला ते पाणी त्या विश्वजितच्या पायांवर पडू द्यायचं नव्हतं, बस. मग बाबांना काय सांगणार? कडुबा समोर होता, त्याच्यावर ढकललं.

आता तू सांग. नागपुरात बसून मला आमटी शिकवतेस, पुड्या मागतेस, आणि मेमध्ये पोहे घेऊन त्याच्यासमोर बसणार? मी एकट्यानंच खोटेपणा केला का? लग्न ठरलं तर मंडपात पाण्याचं काम मलाच दे. अनुभव आहे.

आकाश

•

नागपूर
३ मे

आकाश,

पाडव्याच्या दिवशी, म्हणजे तुझी गाडी आमच्या दारात लागायच्या सतरा दिवस आधी, मी बाबांना फोनवर सांगितलं की विश्वजितला मी बघणार नाही, त्यालाही मला बघू देऊ नका. बाबा ‘बरं’ म्हणाले. पण बाबांना समोरच्याला नाही म्हणायला आठ दिवस लागतात, नळासारखंच. तोवर ते ‘हो हो, या या’ करत राहतात. तीन आठवड्यांनी का होईना, त्यांनी त्या लोकांना कळवलं. प्रकरण संपलं.

म्हणजे जे स्थळ मी आधीच नाकारलं होतं त्याच्या रागात तू एकशे सहासष्ट फूट जास्तीचे मारलेस. एवढ्या कष्टात तुझं दुसरं वर्ष दोनदा निघालं असतं. मला एक ओळ विचारली असतीस तर? पोस्टमन होताच.

आता दुरुस्ती. बोअर खालून बुजवावा लागेल. तळापासून नव्वदपर्यंत बारीक खडी, सावकाश, घमेल्यानं. घाई केलीस तर मध्येच अडकेल आणि खाली पोकळ राहील. दर घमेल्याला दोरीला वजन बांधून खोली मोज. नव्वद ते अठ्ठ्याहत्तर काळ्या मातीचे गोळे आणि सिमेंट. गेरूचं झाकण आपल्या हातानं परत बसवायचं. जमलं तर आजींचं पाणी परत येईल, आणि आमचंही. जमेलच असं नाही, पुस्तकात ‘शक्यता’ लिहिलंय. त्याआधी बाबांना, आजींना आणि कडुबांना खरं सांगायचं. तुझ्या तोंडानं. मी घरी काहीही बोलणार नाहीये.

आणखी एक, जे मी दोन वर्षं दाबून ठेवलं. तोंडी परीक्षेत सरांनी तुझ्या हातात दिलेला दगड. तू ‘बेसाल्ट’ म्हणालास आणि भांडलास. तू गेल्यावर काचा गोळा करताना मी तो उचलून पाहिला. गेरू होता. भाजून घट्ट झालेला, पण गेरूच. सर तुला चूक म्हणालेच नव्हते. एवढंच म्हणाले होते, “पुन्हा बघ.”

मनस्विनी

•

छावणी
१९ मे

मनस्विनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी आधी फुलंब्रीला गेलो. कडुबा ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली. पुंडलिकनगरच्या दोन घरांनी त्याला नको म्हणून कळवलं होतं. मी म्हटलं, त्या दोन्ही घरी मी स्वतः जातो. मग न राहवून विचारलं, “बाबा, नारळ खरंच उभा राहतो का हो?”

“नारळ कशाला उभा ऱ्हातोय? मी करतो. पर नारळ उभा केला की लोकं जरा उभी ऱ्हात्यात. नुसता शेजारच्या हिरीचा पाइप मोजून आकडा सांगितला, तर कोण ऐकतंय? तू नारळ बघूनबी ऐकलं नाहीस.”

मग तुझ्या घरी. बाबांना चौऱ्याहत्तरचं सांगितलं, फोन ऐकल्याचं सांगितलं, दोनशे चाळीसचं सांगितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. बाबा म्हणाले, “अच्छा. म्हणजे तू तो.”

मी म्हटलं, “कोण तो?”

“पाडव्याला मनू म्हणाली होती, माझ्या मनात एकजण आहे. मी नाव विचारलं नाही. ती म्हणाली, डोकं गरम आहे, शिक्षण अर्धवट आहे, पण बाबा, तो खोटं बोलत नाही.”

मनस्विनी, तू हे मला लिहिलं नव्हतंस. पाडव्याला बोललीस आणि अठरा तारखेला मी त्या दहा पुड्या बांधल्या. मला वाटत होतं त्या घरात माझं नावच नाही. नाव नव्हतं खरंच, फक्त तेवढी एकच गोष्ट होती. आणि मी नेमकी तिलाच भोक पाडलं.

बाबा म्हणाले, “बुजवणार कधी?” दुसरं काही नाही.

तीन दिवस लागले. गाडीमालक म्हणाला, बोअर बुजवणारा एजंट म्हणून तुझा फोटो लावू का बोर्डवर? मी सुट्टी टाकली. खडी आणली, घमेलं घेतलं. एक घमेलं टाकायचं, दोरी सोडायची, खोली वहीत लिहायची, परत घमेलं. पहिल्या दिवशी दुपारी एकशे नव्वदला खडी अडकली, कारण मी दोन घमेली एकदम ओतली होती. रॉडनं ठोकून मोकळी करायला तीन तास गेले. त्या तीन तासांत मी कुणालाच शिवी दिली नाही. तारीख लिहून ठेव.

सगळी गल्ली बघायला आली. गोजरबाई खुर्ची टाकूनच बसल्या. त्यांना खरं सांगितलं तेव्हा जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही, पण ऐकून बरं वाटलं. मधूनच म्हणायच्या, “बोअर मारणारे लई बघितले. बुजवणारा पहिल्यांदाच बघायले बाई. नीट टाक रे, सांडायलास बाहीर.” माती मळायला त्यांनीच जुन्या शेताच्या कडेची काळी माती दाखवली. गोळे करून सोडले, त्याच्यावर सिमेंट. दोरी अठ्ठ्याहत्तरला टेकली तेव्हा संध्याकाळचे पाच झाले होते. त्याच वेळी गेल्या महिन्यात आमची घरघर थांबली होती.

पहिले दोन दिवस काही नाही. मी रोज सकाळी जाऊन विहिरीत वाकून बघायचो. गोजरबाई म्हणायच्या, “वाकून बघितल्यानं पाणी येत असतं तर आम्ही चार घरं वाकूनच उभे ऱ्हायलो असतो.” तिसऱ्या दिवशी तळाचा दगड ओला दिसला. पाचव्या दिवशी वीतभर. आज गुडघाभर आहे. आधी दोन पुरुष असायचं म्हणतात, तेवढं यायला किती दिवस, येईल की नाही, मला माहीत नाही. माहीत नसल्यावर माहीत नाही म्हणायचं, हे शिकायलोय. बोअरमध्येही दोरी ओली निघते. बाबांनी लहान मोटर सांगितलीय. कडुबाला बोलावून त्यालाच विचारून सांगितलीय. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

उमाकाकूंनी चहा दिला. कागदीच कप. पण या वेळी काठोकाठ भरलेला, आणि दुसरा देऊ का विचारलं. मी दुसराही घेतला.

गोजरबाईंनी आज विहिरीतला पहिला तांब्या काढला, थोडं पायरीवर सांडलं आणि मला म्हणाल्या, “पी. तूच घालवलंस, तूच बघ कसं लागतंय.” गढूळ होतं. थोडं लालसर. प्यालो.

फोनचं काही विचारत नाही. फोनवर असतो तर हे सगळं मी तुला एकशे चाळीस तुकड्यांत पाठवलं असतं, त्यातले नव्वद नुसते प्रश्नचिन्हांचे.

सोबत एकच पुडी आहे. गेल्या वेळी ऐंशीच्या पुडीत मी फक्त धुतलेली खडी भरली होती, लाल ढेकूळ मागं काढून ठेवलं होतं. तू कशावरून तरी ओळखशील म्हणून. ते आता पाठवतोय. वर आकडा घातलाय, खाली एक ओळ लिहिलीय. अक्षर वाईट आलंय, त्याबद्दल माफी:

‘८० फूट. गेरू. पुन्हा बघितला.’

आकाश